सहा वर्षांचं घर

राजूरच्या आसपासच्या वाड्यापाड्यांवरची कितीतरी मुलं सहाव्या वर्षी घर सोडतात. आश्रमशाळेत पहिलीला नाव लागतं, पत्र्याची पेटी भरली जाते आणि मग मूल आईबापांच्या वाट्याला येतं ते दिवाळीत, मे महिन्यात आणि मधल्या एखाद्या सणाला. अकोले तालुक्याच्या या पश्चिम भागातला आदिवासी विकासाचा सरकारी कारभार राजूरच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयातून चालतो. आश्रमशाळाही त्याच्याच अखत्यारीत येतात. पालकत्वावरची बाजारात मिळणारी पुस्तकं असं धरून चालतात, की मूल दहावी-बारावीपर्यंत रोज संध्याकाळी घरी येणार. इथल्या अनेक घरांना मूल सलग मिळतं ते पहिली सहा वर्षं.

ही पुस्तिका त्या सहा वर्षांपुरती आहे. ती राजूर, भंडारदरा, रतनवाडी, बारी, कोतूळ या बाजूच्या आईबापांना, आजी-आजोबांना आणि अंगणवाडीच्या ताईंना डोळ्यांसमोर ठेवून तयार झाली. महादेव कोळी आणि ठाकर घरांत, भाताच्या खाचरांत, चुलीपाशी, ओट्यावर, बाजाराच्या वाटेवर लहान मुलासोबत काय करता येईल, एवढाच तिचा विषय. राजूरच्या पेठेत राहणाऱ्या, नोकरी किंवा दुकान असणाऱ्या घरांनाही ती उपयोगी पडेल. थोडी जास्तच पडेल, असं माझं मत आहे.

त्याचं कारण सांगतो. ‘ॲक्टिव्हिटी’ हा शब्द आता राजूरपर्यंत पोचला आहे. तीन वर्षांच्या पोराच्या दप्तरात रंगवायची छापील पानं असतात, सफरचंदाला लाल रंग द्यायचा आणि तो रेषेबाहेर जाऊ द्यायचा नाही. ज्या पोराच्या दारात करवंदाची जाळी आहे, ज्याने हिरवं, तांबूस आणि काळंभोर करवंद एकाच फांदीवर पाहिलं आहे, त्याला रंगांची ओळख करून द्यायला सफरचंद लागतं! आईबाप त्यासाठी फी भरतात, व्हॅनचे पैसे भरतात, आणि घरी आलेल्या मुलाला ‘मध्ये मध्ये करू नकोस’ म्हणून चुलीपासून, शेतापासून, गोठ्यापासून दूर बसवतात. मला हे उलटं वाटतं. लहान मुलाला करायला काही हवं असेल, तर ते घरात आधीच चाललेलं असतं. त्याला त्यात थोडी जागा द्यायची आणि देताना त्याच्याशी बोलायचं. पुस्तिकेतल्या साऱ्या सूचना या दोन गोष्टींत बसतात. यातली दुसरी पहिलीपेक्षा अवघड आहे, तिच्याकडे मी पुढे येतोच.

हा विचार नवा नाही आणि तो सह्याद्रीतल्याच लोकांमध्ये वाढला आहे. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांच्या हाताखाली तयार झाल्या आणि १९४५ मध्ये त्यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. अनुताई वाघ त्याच वर्षी त्यांना येऊन मिळाल्या. पुढे १९५७ मध्ये काम डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांच्या मधोमध गेलं. बालवाडीत मुलं येईनात, तेव्हा या बायका पाड्यावर गेल्या आणि कुणाच्या तरी अंगणात बसल्या. आज गावोगाव दिसणाऱ्या अंगणवाडीचं मूळ तिथे आहे. मुलं गुरांमागे जातात म्हणून शाळा गुरांमागे गेली, ती कुरणशाळा. माँटेसरीचं महागडं लाकडी साहित्य परवडण्यासारखं नव्हतं, म्हणून शिंपले, दगड, बिया, पानं, काड्या वापरल्या. बोर्डीच्या सुरुवातीनंतर ३० वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. शब्द गेला, पण बिया आणि शिंपले मागेच राहिले आणि कित्येक ठिकाणी उरले ते रजिस्टर आणि वजनकाटा. त्याचा दोष ताईंना देण्यात अर्थ नाही. एका बाईने पोषण आहार वाटायचा, वजनं घ्यायची, मोबाइलवर माहिती भरायची, सर्वेक्षणं करायची आणि उरलेल्या वेळात ३० पोरांना गाणी शिकवायची, ही अपेक्षाच गैर आहे. म्हणून घराने उचलायचा वाटा मोठा आहे.

बियांपासूनच सुरू करू, कारण त्या बाबतीत अकोले तालुका श्रीमंत आहे. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेलेल्या नाहीत. त्यांनी वाल, घेवडा, भात, पालेभाज्या यांची गावठी बियाणी जपली, बियाणे बँक उभी केली आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांचं नाव इथे घ्यायचं कारण पद्मश्री नाही. बी ओळखण्याची ही विद्या घरात आणि शेतात, मोठ्यांच्या बाजूला बसून हाती येते, हे कारण. चार वर्षांच्या मुलीपुढे सुपात वाल, घेवडा, चवळी, खुरासणी आणि वरई मिसळून ठेवा आणि तिला वेगवेगळं करायला सांगा. वाल-घेवडा ती पटकन काढील. मग घेवड्यातलेच दोन रंग तिच्या लक्षात येतील आणि ती तुम्ही न सांगता त्यांचे ढीग पाडील. वरई वेचता येत नाही, ती पाखडावी लागते, हे कळलं की सुपासाठी भांडण होईल. वर्गीकरण, मोजणी, बोटांची चिमूट, डोळ्यांची नजर हे सगळं यात आलं, आणि आईचं काम थोडं का होईना, पुढे सरकलं. एक ताकीद मात्र याच पानावर ठळक छापली आहे. तीन वर्षांच्या आतल्या मुलाच्या हाती बिया एकट्याने देऊ नयेत. चवळीचा दाणा नाकात जातो, शेंगदाणा श्वासनळीत अडकतो आणि मग तालुक्याच्या दवाखान्यापर्यंतची वाट फार लांब होते.

पुस्तिकेतले बाकीचे खेळ याच जातीचे आहेत. हंड्यात किती तांबे पाणी मावतं ते मोजायचं. भाकरी करताना एक उंडा पोराला द्यायचा, त्याची वेडीवाकडी भाकरी तव्यावर टाकायची आणि ती त्यालाच वाढायची. पोळ्याला मातीचे बैल करताना वशिंड, शिंगं, वेसण हे त्याने कसं केलं ते विचारायचं. राजूरला दर वर्षी डांगी जनावरांचं प्रदर्शन भरतं, तिथे पोराला खांद्यावर बसवून नेणारे बाप पुष्कळ असतात. परत आल्यावर मातीच्या बैलाला डांगी बैलाचे काळे-पांढरे ठिपके द्यायला सांगून पाहा. लिहिण्यासाठी हाताला जी ताकद लागते, ती चिखल मळून येते. तीन वर्षांच्या बोटांत पेन्सिल कोंबून ती येत नाही. नव्या शैक्षणिक धोरणानेही, २०२० मध्ये, तीन ते आठ ही वर्षं पायाभूत म्हणून एकत्र धरली आणि त्यांत खेळाला मुख्य स्थान दिलं. कागदावर तरी आता भांडण उरलेलं नाही.

मे महिन्याच्या अखेरीला आणि जूनच्या सुरुवातीला भंडारदऱ्याच्या बाजूला काजवे फुलतात. मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग लागते, दिवे, कर्णे, सेल्फी. इथल्या पोरांना हे फुकट मिळतं, आणि बहुधा म्हणूनच कुणी मुद्दाम दाखवत नाही. पाच वर्षांच्या पोराला घेऊन बॅटरी बंद करून झाडापासून जरा दूर बसा. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला काही मिनिटं लागतात. तेवढी मिनिटं गप्प बसणं हाच यातला खेळ. सगळे एकदम का लुकलुकतात, असं पोर विचारील. उत्तर येत नसेल तर ‘तुला काय वाटतं?’ असं विचारावं. नर मादीला खुणावतो, हे ठाऊक असेल तर तेही सांगावं. पाच वर्षांच्या मुलाला त्यात लाजण्यासारखं काही वाटत नाही.

आता बोलण्याविषयी.

इथल्या घरांत मुलावर माया कमी नाही. तान्हं मूल दिवसभर कुणाच्या ना कुणाच्या अंगावर असतं; शहरातल्या पाळण्यातल्या मुलाला एवढा स्पर्श मिळत नाही. झोळी आईच्या नजरेसमोर टांगलेली असते. पण मुलाशी बोललं जातं ते फार करून हुकमाचं: ये, बस, खा, नको, पडशील, मार खाशील. मोठी माणसं आपसांत बोलतात, मूल ऐकत असतं, पण त्याला उद्देशून, त्याच्या डोळ्यांत बघून, त्याच्या उत्तराची वाट पाहत बोलणं कमी. ‘त्याला काय कळतंय’ असा एक समज आहे. कळतं. सहा महिन्यांचं मूल तुमच्या आवाजाला हुंकार देतं, तुम्ही थांबलात की पुन्हा देतं. तो संवादच असतो. मेंदूची वाढ याच वर्षांत सर्वांत वेगाने होते आणि तिला खुराक लागतो तो पोटातल्या अन्नाचा आणि या देवाणघेवाणीचा. आवणीला जाताना पाठीवरच्या पोराला ‘बघ, बगळा आला, नांगरामागे का आला असंल?’ असं विचारायला वेळ लागत नाही. सवय लागते, आणि ती मोठ्यांना लागायची असते.

हे बोलणं आपल्या घरच्या बोलीत व्हावं. ठाकर घरात ठाकरी, कोळी घरात आपली डांगाणी वळणाची मराठी. शाळेत पोर मागे पडेल या भीतीने आया पुस्तकी शब्द वापरायला बघतात आणि मग त्यांचं बोलणंच आटतं. ज्याला घरी भरपूर बोलायला मिळालं, ते पोर दुसरी भाषा लवकर उचलतं. गोष्टींचंही असंच. देवगावच्या राघोजी भांगऱ्यांना १८४८ मध्ये ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. त्यांच्या बंडाच्या गोष्टी या डोंगरांत अजून सांगितल्या जातात, आणि त्यांतली प्रत्येक वाट, प्रत्येक कडा आजोबांच्या पायाखालचा असतो. मूल तीच गोष्ट दहाव्यांदा मागतं, तेव्हा आजोबा कंटाळतात. कंटाळू नये. दहाव्या खेपेला मधलं वाक्य मुलाला पुरं करू द्यावं. एखादा शब्द मुद्दाम चुकवला तर ते कसं चवताळून दुरुस्त करतं, ते पाहण्यासारखं असतं.

मारण्याबद्दल पुस्तिकेत एकच पान आहे आणि ते मुद्दाम छोटं ठेवलं आहे. मारून मूल गप्प होतं, शिकत काही नाही, आणि पुढच्या वेळी खोटं बोलायला शिकतं. याहून जास्त लिहिलं की उपदेश होतो आणि पान उलटलं जातं.

मी वर घरातल्या कामांचं जे गुणगान केलं, त्याला दुसरी बाजू आहे. आवणीच्या महिन्यात या भागात बाईला श्वास घ्यायला फुरसत नसते. घाटघर-रतनवाडीकडे आकाश फाटल्यासारखा पाऊस, डोक्यावर इरलं, गुडघाभर चिखल आणि बांधावर पोर. त्या दिवसांत ‘मुलासोबत हे करा, ते करा’ असं सांगणारं पुस्तक चुलीत घालावंसं वाटलं तर नवल नाही. त्या दिवसांसाठी पुस्तिकेत एकही खेळ दिलेला नाही. पोर कोरडं, पोटभर आणि सुरक्षित असलं तरी पुष्कळ झालं. धाकट्याला कडेवर घेऊन फिरणारी सात-आठ वर्षांची बहीण हीसुद्धा मूलच आहे. कामात सामील करून घेणं वेगळं आणि काम तिच्यावर टाकून मोकळं होणं वेगळं. ही रेघ प्रत्येक घराने स्वतः ओढायची आहे. ती मुलगी थकून न जेवता झोपत असेल, तर ती ओलांडली गेली असं खुशाल समजावं.

खाण्याचं प्रकरण सगळ्यांत मोठं झालं आहे, आणि ते तसंच राहू दिलं. पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध, मध नाही, घुटी नाही, पाणीसुद्धा नाही. सहा महिने झाल्यावर वरचं अन्न सुरू करायचं, उशीर करायचा नाही. इथे नागली आहे, भात आहे, वाल आणि उडीद आहेत, परसबागेत भाजी आहे. चूक बहुधा दाटपणात होते. पातळ पेज पाजून पोट भरतं आणि अंगाला काही लागत नाही. चमच्यावरून ओघळणार नाही इतकी घट्ट नागलीची खीर किंवा मऊ भात-वरण, त्यात चमचाभर तेल किंवा तूप, आणि मुलाचं पोट लहान म्हणून दिवसातून चार-पाच वेळा. आदिवासी उपयोजना क्षेत्रात २०१५ पासून अब्दुल कलाम अमृत आहार योजनेतून गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचं चौरस जेवण ठरलेलं आहे आणि लहान मुलांना अंडी. हे जेवण आईने तिथेच बसून खावं, डबा भरून घरी न्यावा आणि सगळ्यांना वाटावा असं ते नाही. सासूबाईंनी हा परिच्छेद वाचला, तर पुस्तिकेचा निम्मा खर्च वसूल झाला.

बाप या पुस्तिकेत जागोजागी आहे, कारण एरवी तो अशा पुस्तकांत फक्त शेवटच्या ओळीत येतो. या भागातले पुष्कळ बाप भात निघाल्यावर कामासाठी बाहेर पडतात: नारायणगावच्या मजूर अड्ड्यावर, नाशिककडे द्राक्षबागांत, कुठे ऊसतोडीला. कधी दोघंही जातात आणि मूल आजीकडे राहतं. मग फोन येतो. फोनवर बाप विचारतो, ‘जेवला का?’ मूल म्हणतं, ‘हां.’ ‘आजीला तरास देऊ नको.’ ‘हां.’ संपलं. त्यापेक्षा बापाने स्वतःचं काही सांगावं. आज द्राक्षाच्या बागेत साप निघाला, मुकादमाची टोपी वाऱ्याने उडाली, असलं काहीही. मग शेळी व्याली का, किती करडं, कुठल्या रंगाची, असं विचारावं. मूल करडं मोजून येतं, धापा टाकत सांगतं आणि फोन चांगला दहा मिनिटं चालतो. बाप घरी असतो तेव्हा अंघोळ घालण्याचं काम त्याने घ्यावं अशीही एक सूचना आहे. तिला हसणारे बाप भेटतील. हसत हसत घेतलं तरी चालेल.

तोच फोन मुलाच्या हातात गेला की मात्र गोष्ट वेगळी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दिलेला सल्ला सरळ आहे: पहिल्या वर्षी पडदा अजिबात नको, एक वर्षाच्या मुलालाही नको, दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला फार तर एक तास, आणि कमी झाला तर बरंच. डोंगरात रेंज नाही म्हणून आपण वाचलो, असं काही वर्षांपूर्वी म्हणता येत होतं. आता व्हिडिओ राजूरच्या बाजारात भरून आणतात आणि तो पाड्यावर घास भरवताना चालू असतो. घास मुलाच्या पोटात जातो, त्याच्या लक्षात येत नाही. फोन अचानक काढून घेतला तर आकांत होईल, पण तो दोन-चार दिवसांत निवतो, हे ज्या आयांनी करून पाहिलं त्या सांगतात.

सहा वर्षांनंतरचं एक प्रकरण शेवटी जोडलं आहे, सुट्टीत आलेल्या मुलासाठी. आश्रमशाळेतून पोर दिवाळीत घरी येतं, तेव्हा खाचरांत भात कापणी चाललेली असते. घर दोन टोकं गाठतं. एक तर त्याला पाहुण्यासारखं बसवून ठेवतं, नाहीतर पहिल्याच दिवशी विळा हातात देतं. त्याआधी एक दिवस त्याला नुसतं घरात फिरू द्यावं. कुठली गाय विकली, कुठलं झाड पडलं, त्याची झोपायची जागा कुणी घेतली हे त्याला बघायचं असतं. रात्री ते आईला चिकटून झोपलं तर ‘एवढा घोडा झालास’ म्हणू नये. शाळेत जेवणाचं, झोपण्याचं कसं आहे, कुणी त्रास देतं का, कुठे दुखतं-खुपतं का, हे बसवून चौकशीसारखं विचारलं तर ते सांगत नाही. भाताच्या पेंढ्या बांधताना, नजर कामावर असताना सांगतं. काही गैर सांगितलं, तर त्यावर विश्वास ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी शाळेत जायचं. त्यासाठी कुणाला भेटायचं, तेही त्या प्रकरणात दिलं आहे.

पुस्तिका कशी वाचायची, एवढं सांगायचं राहिलं. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी ती अंगणवाडीच्या माता बैठकीत मोठ्याने वाचली जावी अशा बेताने लिहिली आहे. एक प्रकरण वाचायला दहा मिनिटांवर वेळ लागत नाही. सगळं करायचं नाही. घराला झेपेल ते घ्यावं, बाकी शेजारणीला सांगावं. मागे चार कोरी पानं आहेत, त्यांवर आजीच्या गोष्टी, गाणी, गजग्यांचे नि लगोरीचे आपल्या वाडीतले नियम मोठ्या मुलांकडून लिहून घ्यावेत.

एक पान तेवढं पावसाळ्याच्या आधी वाचावं, ते सापांचं. मण्यार रात्री घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्या पोराला चावते. दुखत नाही, सुजत नाही, पहाटे पोटात दुखतं आणि पापण्या मिटायला लागतात. पोराला खाटेवर, मच्छरदाणी गादीखाली खोचून झोपवावं. चावल्याचा नुसता संशय आला तरी भगताकडे वेळ न घालवता, काही कापाकापी किंवा आवळून बांधाबांधी न करता, १०८ ला फोन लावून सरकारी दवाखाना गाठावा. सर्पविषावरचं औषध तिथेच मिळतं.